डाग कशाचा, ते आधी सांगा

त्याला सगळी मंडळी ‘धुतला तांदूळ’ म्हणायची. तोंडावर ‘दादा’, पाठ वळली की ‘तांदूळ’. धंदा लॉन्ड्रीचा, चर्चच्या कारभारातलं पद वडीलजनाचं, आणि अंगात पवित्रपणा इतका की शेजारी उभं राहिलं तरी आपल्या शर्टाची कॉलर आपोआप मळकी वाटायला लागे. हे नाव त्याच्या कानावर गेलं होतं. त्याला ते आवडलं होतं. टोमणासुद्धा स्तुती समजून खिशात घालायची त्याची हातोटी होती.

बुधवारच्या प्रार्थनासभेत तो उभा राहिला की लोक पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरून ठेवत. एकदा एका आजोबांनी त्याची प्रार्थना सुरू होताना औषधाची गोळी घेतली, आणि आमेनच्या आधी दुसरी घ्यायची वेळ झाली. बरं, प्रार्थना नुसती लांब नव्हती, तिच्यात बातम्या असत. “प्रभू, आमच्या त्या भगिनीवर दया कर, जिचं नाव मी घेत नाही, पण जी आज तिसऱ्या बाकावर हिरवा स्वेटर घालून बसली आहे.” चार डोळे लगेच किलकिले होऊन तिसऱ्या बाकाकडे वळत. तीच गोष्ट फाटकाबाहेर सांगितली तर चहाडी. डोळे मिटून, आवाज थोडा कापरा करून सांगितली की ती दुसऱ्यासाठी केलेली विनवणी. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, तेही गुडघ्यांवर वाकून.

आणि प्रत्येक बुधवारी, शेवटी, न चुकता, तो आपल्या धाकट्या बहिणीसाठी प्रार्थना करी. “तिच्या निष्काळजीपणाची तिला क्षमा कर.” मंडळी म्हणे, आमेन. सहा वर्षं म्हणत होती.

दुकान वडिलांच्या हातचं होतं. पुढे काउंटर, मागे इस्त्रीचं लांब टेबल, त्याच्या मागे वाफेने ओलसर झालेली भिंत आणि तारेच्या हँगरांची रांग. काउंटरमागे वडिलांच्या अक्षरातली पाटी होती: ‘डाग कशाचा, ते आधी सांगा.’ धंद्याचा हा पहिला नियम. शाईचं औषध वेगळं, तेलाचं वेगळं. रक्तावर गरम पाणी पडलं की तो डाग जन्माचा. पण गिऱ्हाईक कधी खरं बोलत नाही. लिपस्टिक लागलेला शर्ट घेऊन येतं आणि सांगतं, सॉस सांडला. तांदूळ तो शर्ट नाकाशी धरून मनातल्या मनात हसायचा, आणि बुधवारी त्या शर्टासाठी नाव न घेता प्रार्थना करायचा.

कितीही घासून एखादा डाग गेलाच नाही, तर वडिलांनी दुसरी सोय करून ठेवली होती. गुलाबी चिठ्ठी. तिच्यावर छापलेलं असे: ‘प्रयत्न केला. डाग निघाला नाही. राग नसावा.’ टाचणीने ती कपड्याला लावायची आणि कपडा परत द्यायचा. बहीण दुकानात होती तेव्हा या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा वर्षभर पुरत असे, कारण डाग काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती दुकान सोडून गेल्यापासून गठ्ठा दोन महिन्यांत संपू लागला. तांदूळ याचं खापर साबणाच्या कंपन्यांवर फोडायचा.

बहीण का गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. एका नवरीचा पांढरा झगा लग्नाच्या दिवशी सकाळी इस्त्रीखाली जळाला होता. लग्न तीन तासांवर. नवरी मावसबहिणीच्या झग्यात, मागून पाच सेफ्टी पिना लावून, उभी राहिली आणि सगळ्या फोटोंत रडून लाल झालेली दिसली. “धाकटीच्या हातून झालं,” असं तांदळाने सांगितलं, आणि तिच्यासाठी तिथेच, दुकानात, हात जोडून मोठ्याने प्रार्थना केली. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

खरं काय झालं होतं, ते दोघांना माहीत होतं. एक तांदळाला. दुसरं, ज्याच्या येण्याची मंडळी वाट बघत होती, त्या प्रभूला. त्या सकाळी झगा टेबलावर बहिणीने पसरला होता, आणि ती पाण्याचा फवारा भरायला मागे गेली होती. इस्त्री तांदळाच्या हातात होती. त्याला एकाएकी फार सुंदर प्रार्थना सुचली. तो डोळे मिटून, उभ्या उभ्या, ती म्हणत राहिला. इस्त्री होती तिथेच राहिली. वास आला तेव्हा तो ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’पर्यंत पोचला होता.

सहा वर्षं रोज इस्त्री फिरवल्यावर खोटंही गुळगुळीत होतं. आता तर कधीकधी त्यालाच वाटे की झगा धाकटीनेच जाळला. फक्त पहाटे जाग आली की एक प्रश्न छातीवर येऊन बसे: तो आज आला तर पहिलं काय विचारील? आणि उत्तर ठरलेलं असे. झगा.

अशात चर्चमध्ये बाहेरगावचे एक उपदेशक आले. त्यांनी दोन तास सांगितलं की प्रभूचं येणं जवळ आलंय, तो येईल तेव्हा आपल्यावर डाग नको, सुरकुती नको. डाग आणि सुरकुती म्हटल्यावर साऱ्या माना तांदळाकडे वळल्या. जणू बोलावणं त्याच्याच दुकानाला आलं होतं. “जागे राहा आणि प्रार्थना करा,” असं उपदेशकांनी सात वेळा सांगितलं आणि ते पुढच्या गावाला जागं करायला निघून गेले.

आठवड्याच्या आत ‘आगमन तयारी समिती’ उभी राहिली. पवित्रीकरण म्हणजे आतून हळूहळू बदलणं, त्याला जन्म जातो, असं पाळक सांगायला लागले होते. समितीने त्यांना नम्रपणे थांबवलं, कारण एवढा वेळ नव्हता. त्याऐवजी एक ‘शुभ्र रविवार’ ठरला. त्या दिवशी सगळ्यांनी पांढऱ्या कपड्यांत यायचं. मोतिया रंग चालेल का, यावर दोन बैठका झाल्या. शिवाय अखंड प्रार्थनेची साखळी ठरली, अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी. दुपारी दोन ते अडीच ही वेळ कुणीच घेईना. जेवणानंतर प्रभू येईल असं कुणाला वाटत नव्हतं. आणि ‘जागे राहा’ याचा अर्थ समितीने चहाची सोय असा लावला.

समितीचा अध्यक्ष कोण, हे सांगायला नकोच. शुभ्र रविवारची मुख्य प्रार्थनाही त्याचीच. त्याने स्वतःसाठी पांढरा सूट शिवून घेतला, दर शनिवारी तो काढून पुन्हा इस्त्री करी आणि दुकानात दर्शनी भागात टांगून ठेवी. त्यावर पट्टी लावलेली: ‘राखीव.’

“प्रभू आला तर तू आधी कपडे बदलायला जाणार का?” बायकोने विचारलं.

“तुला थट्टा सुचते.”

“थट्टा नाही. त्याला किती वेळ थांबायला सांगू, ते कळलेलं बरं.”

शुभ्र रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, सूटावर शेवटचा हात फिरवायचा होता. मंडळीचे एकेचाळीस पांढरे कपडे तयार होऊन रांगेत टांगले होते. तांदळाने वडिलांची जुनी मोठी इस्त्री घेतली. ती जड होती, एकदा टेबलावरून पडून तिच्या टोकाचा टवका उडाला होता, पण सूटाला तीच बसायची. कोट पसरला. इस्त्री फिरवता फिरवता उद्याची प्रार्थना म्हणून बघावी, असं त्याच्या मनात आलं. सुरुवात झकास झाली. डोळे आपोआप मिटले. आवाज चढला. “आणि त्या दिवशी, हे प्रभू, आम्ही तुझ्यापुढे निष्कलंक...”

वास आला.

कोटाच्या डाव्या बाजूला, बरोबर छातीवर, पंजाएवढा पिवळट तपकिरी ठसा उमटला होता. मग त्याने कपाटातलं एकेक औषध काढलं आणि एकेक वाया घालवलं. तासाभराने ठसा तसाच होता, भोवतालचं कापड मात्र आणखी पांढरं झाल्यामुळे तो जास्त उठून दिसत होता.

बायको येऊन बघून गेली. “धाकटीकडे जा,” ती म्हणाली.

“तिच्याकडे?”

“मग ठेव असाच. सकाळपर्यंत प्रभूच आला तर प्रश्न मिटला.”

तो गेला. कोट कागदात गुंडाळला आणि मागच्या गल्ल्यांनी गेला, म्हणजे समितीपैकी कुणी भेटू नये. बहीण हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. लांबच लांब खोली, गरगरणारी मोठी मशिनं, ढिगांनी पडलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे, आणि वास असा की त्याला साबणाची कंपनी जबाबदार नव्हती. कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून ती एका अभ्र्यावर गार पाण्याखाली बोटं फिरवत होती. ओठ हलत होते. वेडी झाली की काय, असं त्याला क्षणभर वाटलं.

“कुणाशी बोलतेस?”

तिने वळून पाहिलं. सहा वर्षांत भाऊ या खोलीत पहिल्यांदा आला होता. तिने नवल दाखवलं नाही. “हा अभ्रा चौदा नंबरच्या खाटेवरचा. आजी खोकून खोकून रक्त टाकतेय. धुताना तिच्यासाठी दोन शब्द सांगते वरती. तू काय आणलंस?”

“डाग आहे. उद्या शुभ्र रविवार...”

“कशाचा?”

तांदूळ म्हणाला, “चहाचा असेल.”

धाकटी हसली, अगदी मोकळं. “अरे दादा, तू तर गिऱ्हाईक झालास की!”

तिने हातमोजे काढले, कोट उचलून खिडकीशी नेला आणि त्या ठशावर आपला तळवा ठेवून पाहिला. मग तिचं हसू गेलं.

“चहा असा टोकदार सांडतो होय? आणि टोकाला खाच पडून?”

त्याने कोट परत घ्यायला हात पुढे केला.

“बाबांची मोठी इस्त्री. नवरीच्या झग्यावर हाच ठसा होता, हीच खाच. मी त्या इस्त्रीला हात लावत नव्हते, माझं मनगट दुखायचं. माझी लहान होती, बिनटवक्याची.”

मशीन कुठेतरी थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. “म्हणजे तुला... तेव्हापासून?”

“त्याच मिनिटापासून.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“बोलले होते. दुकानात, झगा हातात धरून. तू हात जोडून माझ्यासाठी प्रार्थना करत होतास. प्रार्थनेच्या मध्ये बोलू नये, हे लहानपणी तूच शिकवलंस.” तिने कोट घडी घालून त्याच्या हातात दिला. “मग दर बुधवारी माझ्यासाठी प्रार्थना होते असं कळलं. म्हटलं, जायचं कशाला तिकडे? ऐकायला?”

“निघेल का हा?” त्याने विचारलं. विचारायचं काय होतं आणि त्याने विचारलं काय! पण माणसाची जीभ ओळखीच्याच रस्त्याने जाते.

“डाग कपड्यावर बसतो, तो काढता येतो. हा कपडाच जळलाय. तसाच घाल उद्या.”

“लोक विचारतील.”

“सांग, चहा सांडला,” धाकटी म्हणाली, आणि हातमोजे चढवून चौदा नंबरच्या अभ्र्याकडे वळली.

रविवारी सकाळी चर्चबाहेर पांढरंच पांढरं होतं. बेकरीवाला कामाचा कोट घालून आला होता, त्याच्या खिशातून यीस्टचा वास येत होता. एक काकू मोतिया रंगात आल्या होत्या आणि त्यांच्याभोवती एक हात जागा मोकळी पडली होती. दारात समितीतर्फे प्रत्येकाला गोल बिल्ला मिळत होता: ‘मी तयार आहे.’

बायकोने तो बिल्ला तांदळाच्या कोटावर, ठशावर धरून पाहिला. बिल्ला लहान, ठसा मोठा. “दोन लावू का?” तिने विचारलं. “तीन लावले तर झाकेल.”

तांदळाने तीन बिल्ल्यांचा विचार केला, खोटं कशाला बोला. विचारच काय, ते बराच वेळ तळहातावर मांडूनही पाहिले. मग त्याने खिशात हात घातला, दुकानातून आणलेली गुलाबी चिठ्ठी काढली आणि टाचणीने छातीवर लावली. बायको त्याच्याकडे पाहत राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली होती. तिने फक्त टाचणी सरळ केली.

तो पुढे उभा राहिला तेव्हा दुसऱ्या बाकावर कुजबुज झाली. “लॉन्ड्रीची चिठ्ठी काढायची राहिली वाटतं!” मग सगळ्यांनी सवयीने बाकांच्या पाठी धरल्या आणि डोळे मिटले.

तांदळाने मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करायची ही त्याची पहिलीच वेळ. मिटल्या डोळ्यांची इतकी तोंडं त्याला एकदम कधी दिसली नव्हती. मध्ये ती नवरी होती, आता दोन मुलांची आई. एकाला कडेवर घेऊन, दुसऱ्याची कॉलर पकडून, तीही डोळे मिटून उभी होती.

“प्रभू,” तो म्हणाला, “तो झगा मी जाळला. माझ्या बहिणीने नाही. मी प्रार्थना करत होतो आणि इस्त्री हातात होती. मग मी खोटं बोललो, आणि सहा वर्षं तुझ्यासमोर तेच खोटं बोलतोय.”

“आमेन,” सगळी मंडळी म्हणाली.

कुणी ऐकलंच नव्हतं. त्याच्या प्रार्थना ऐकायची सवय त्यानेच त्यांची मोडली होती.

“आमेन नको,” तो ओरडला. “डोळे उघडा. झगा मी जाळला!”

डोळे उघडले. नवरीच्या हातून मुलाची कॉलर सुटली. “तुम्ही?” ती म्हणाली. “आणि मी तिला लग्नाला येऊ नकोस म्हणून सांगितलं!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, या वेळी फोटोशिवाय. तांदूळ हात जोडायला गेला आणि अर्ध्यातच त्याने ते खाली घेतले. “चुकलं माझं,” तो तिच्याकडे बघत म्हणाला. एवढी लहान प्रार्थना त्याने जन्मात केली नव्हती.

नंतर समितीने त्याला घेरलं. वाटलं होतं, पद जाणार, नाव जाणार. कसलं काय! “काय साक्ष दिलीत दादा!” “अंगावर काटा आला.” चिटणीस म्हणाले, पुढच्या शुभ्र रविवारी हे कार्यक्रमातच घेऊ, गाण्यानंतर. बेकरीवाल्याने विचारलं, गुलाबी चिठ्ठ्या सगळ्यांना मिळतील का. पाळक मात्र जवळ आले आणि कानात म्हणाले, “अजून इथे काय करताय?”

खरंच, तो अजून तिथे काय करत होता? त्याला थोडं बरं वाटत होतं, हे त्याचं त्यालाच कळलं आणि लाज वाटली. तो निघाला. मधल्या हमरस्त्याने, जळक्या कोटानिशी.

हॉस्पिटलला रविवार नसतो. धाकटी कालच्याच जागी उभी होती. त्याने सगळं सांगितलं. आमेनचा भाग आला तेव्हा तिच्या तोंडाचा कोपरा हलला, नवरीचा भाग आला तेव्हा तिने नळ बंद केला. मग त्याने छातीवरची चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि वडिलांनी यापेक्षा चांगलं काही लिहून ठेवलं नव्हतं.

तिने वाचलं. ‘प्रयत्न केला. डाग निघाला नाही. राग नसावा.’

“पेन आहे?” तिने विचारलं. त्याने दिलं. कपड्यांवर खूण करायचं, न जाणाऱ्या शाईचं. तिने ‘प्रयत्न केला’वर काट मारली. “हे कधी केलंस? सहा वर्षांत एक दिवस तरी?”

उरलेल्या दोन वाक्यांवर तिचं बोट बराच वेळ फिरत होतं. शेवटी तिने ती चिठ्ठी आपल्या ॲप्रनच्या खिशात टाकली. राग आहे की नाही, ते सांगितलं नाही.

“साठ अभ्रे आलेत,” ती म्हणाली. “कोट काढ. बाह्या वर कर. आधी गार पाणी.”

त्याने राखीव कोट काढून खिळ्याला अडकवला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. पहिला अभ्रा हातात आला तशी त्याची मान सवयीने खाली गेली आणि पापण्या जड झाल्या.

“कुणाचा आहे?” त्याने विचारलं.

“चौदा नंबर.”

“तिच्यासाठी प्रार्थना करू?”

“कर की,” धाकटी म्हणाली. “हात चालू ठेव. आणि दादा, डोळे उघडे.”